खारी हवा, दव आणि विजेच्या तारा

ठाण्याच्या खाडीकाठी खारफुटीत उभ्या असलेल्या उच्चदाब मनोऱ्यांजवळून हिवाळ्यात पहाटे गेल्यास कधीकधी वरून बारीक चरचर ऐकू येते. तारेला मनोऱ्यावर टांगून धरणाऱ्या, पण तिची वीज मनोऱ्यात उतरू न देणाऱ्या इन्सुलेटरची कसोटी मुंबईच्या मुसळधार पावसात लागते असे आपल्याला वाटते, पण तो पाऊस त्याला उलट धुऊन काढतो. खरा घात दव करते. पाऊस थांबल्यावर महिनोन्महिने साचलेला मिठाचा आणि धुळीचा थर दवाने भिजतो व त्यातून थोडा विद्युतप्रवाह झिरपू लागतो. त्याच्या उष्णतेने थराचे काही पट्टे सुकतात, विजेचा दाब त्या अरुंद पट्ट्यांवर एकवटतो, ठिणग्या उडतात, आणि त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या की तारेपासून मनोऱ्यापर्यंत ज्योत धावून वीजवाहिनी बंद पडते.

चिनी मातीचा इन्सुलेटर चिकणमाती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांच्या मिश्रणापासून सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून तयार होतो. उन्हाने तो विटत नाही, दशकानुदशके टिकतो. मात्र त्याच्या झिलईवर पाणी सलग पसरते, आणि खाऱ्या हवेत हेच नेमके नडते. कंपोझिट इन्सुलेटरमध्ये काचतंतू व इपॉक्सीचा दांडा भार पेलतो आणि त्यावर सिलिकॉन रबराच्या छत्र्या असतात. या रबरावर पाणी अळवाच्या पानावरच्यासारखे थेंबाथेंबाने राहते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, रबरातील लहान रेणू हळूहळू वर येऊन साचलेल्या मळालाही जलरोधक करतात! वजनातही मोठा फरक पडतो: २२० किलोव्होल्टच्या वाहिनीवर चिनी मातीच्या चौदाएक चकत्यांची माळ लागते, तेथे तिच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या वजनाचा एकच दांडा पुरतो.

तरीही कंपोझिट निर्दोष नाही. सतत ओले राहिल्यास त्याचा जलरोधक गुण काही काळ मावळतो, ऊन आणि ठिणग्या रबराला झिजवतात, आणि टोकाच्या धातूच्या जोडापाशी ओल शिरली तर आम्लाने काचतंतू कुरतडले जाऊन दांडा अचानक तुटू शकतो. माळेतल्या चकत्या कडक केलेल्या काचेच्याही असतात; अशी चकती फुटली की खालूनच दिसते. दांड्याच्या आतले दुखणे असे दिसत नाही. खाडीलगतच्या नव्या वाहिनीसाठी मी तरीही कंपोझिटच निवडेन. जुन्या, धडधाकट चिनी मातीच्या माळा मात्र केवळ मिठापायी उतरवण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यावर सिलिकॉनचा लेप देता येतो.