शोधयंत्र : नवे तंत्र आणि कोकणकिनाऱ्याची मराठी

शोधयंत्र : वेबवरची पाने आधीच वाचून त्यांची सूची करून ठेवणारी, आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून कामाची पाने निवडून क्रमाने मांडणारी संगणकप्रणाली. बोलण्यात ‘सर्च इंजिन’ हाच शब्द चालतो. ‘गूगल करणे’ हे क्रियापद तर मराठीने केव्हाच पचवले आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत या यंत्राच्या पोटात मोठी उलथापालथ झाली. आधी ते अक्षरे जुळवत असे, मग अर्थ जुळवू लागले आणि आता स्वतःच उत्तर लिहून देते. या नोंदीत ती उलथापालथ कोकणकिनाऱ्याच्या अंगाने पाहिली आहे. इथली मराठी शोधयंत्राची चांगलीच परीक्षा घेते. शब्द दुअर्थी, प्रत्ययांची रेलचेल, गावांची नावे सारखी, आणि लिहून ठेवलेले त्या मानाने थोडे.

एक शब्द घेऊ : मोरी. देशावर मोरी म्हणजे घरातली भांडी घासायची, हातपाय धुवायची जागा. रस्त्याखालून पाणी जायला बांधतात तीही मोरी. मालवणात मोरी म्हणजे मुशी, शार्क जातीचा मासा, आणि ‘मोरीचं मटण’ हा तिथला मानाचा पदार्थ. ‘मोरी साफ कशी करावी’ असे कोणी टंकले, तर त्याला फरशीवरचे डाग घालवायचे आहेत की काचकागदासारखी खरखरीत कातडी खरवडायची आहे, हे त्या चार शब्दांत कुठेही नाही. शोधयंत्राच्या प्रत्येक पिढीने या प्रश्नाचे काय केले असते, ते पाहिले की तंत्राचा इतिहास आपोआप उलगडतो.

उलटी सूची : पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसाच हा प्रकार. कोणत्या पानावर कोणते शब्द आहेत हे न नोंदवता, कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे हे नोंदवायचे. १९९० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी केलेले ‘आर्ची’ फक्त फाइलींची नावे शोधत असे. पानांतला सगळा मजकूर सूचीत घेणारी यंत्रे १९९४-९५च्या सुमारास आली. ‘वेबक्रॉलर’ आणि ‘अल्टाव्हिस्टा’ ही त्यांतली नावे. सूचीतून हजारो पाने निघाली की क्रम कसा लावायचा? कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली कल्पना आजही कामाला येते : जो शब्द सगळीकडे आढळतो त्याला वजन कमी, जो क्वचित आढळतो त्याला जास्त. कोकणावरच्या पानांत ‘समुद्र’ जिकडेतिकडे असतो, म्हणून त्याला किंमत नाही. ‘मुशी’ दिसली की कान टवकारायचे. हीच कल्पना पुढे नेणारे ‘बीएम२५’ हे सूत्र १९९०च्या दशकात लंडनमध्ये स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. ते अजून निवृत्त झालेले नाही.

१९९८ साली, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली त्याच वर्षी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमधून ‘पेजरँक’ मांडला. एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, त्यावर त्या पानाची पत ठरते. युक्ती नामी, पण ती भरल्या घरात आणखी भर घालणारी होती. मोठ्या पर्यटन-वेबसाइटकडे शेकडो लिंक जातात. हर्णैच्या मासळी लिलावाबद्दल कोणी स्थानिकाने जीव ओतून लिहिलेल्या पानाकडे एखादीच. आणि ‘मोरी’चा गोंधळ पेजरँकने सुटत नाही तो नाहीच. ज्या अर्थाची पाने जास्त आणि वजनदार, तो अर्थ वर. इथे फरशी जिंकते.

मराठीची घडण : इंग्रजीसाठी बेतलेली सूची मराठीत अडखळते, ती आधी प्रत्ययांमुळे. किनारा, किनाऱ्यावर, किनाऱ्यावरच्या, किनाऱ्यालगतचे ही उलट्या सूचीला चार वेगळी माणसे वाटतात. म्हणून प्रत्यय छाटून शब्दाचे मूळ काढायचे तंत्र आले. भारतीय भाषांतल्या शोधाचे मोजमाप करण्यासाठी २००८ मध्ये ‘फायर’ हा मंच सुरू झाला, आणि पहिल्याच फेरीत हिंदी-बंगालीबरोबर मराठी मजकुराचा संग्रहही होता. त्या संग्रहांवर ल्यिलियाना डोलामिक आणि जाक साव्हॉय या स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी केलेले प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यय कठोरपणे छाटल्यावर शोधाची कामगिरी बंगालीत सुमारे १८ टक्के, हिंदीत २८ टक्के आणि मराठीत तब्बल ४२ टक्के सुधारली. गंमत म्हणजे शब्दाची पहिली चार अक्षरचिन्हे ठेवून बाकीचे सरळ कापून टाकण्याची अगदी गावठी युक्तीही जवळपास तेवढीच उपयोगी ठरली. ‘किनारा’ आणि ‘किनाऱ्यावरच्या’ या दोन्हींचे ‘किना’ उरते, काम झाले. मात्र ‘मासा’चा ‘माशाचा’ होतो तिथे कुऱ्हाड फसते. ‘स’चा ‘श’ झालेला तिला कळत नाही, आणि ‘माशा’च्या शेजारीच आंबा बागायतदाराची वैरीण ‘माशी’ घोंगावत असते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला तो कोयत्यासारखा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराची. दुसरीत साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारी, शून्य रुंदीची जोडखूण घालायची. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द. मजकूर साफ करताना एखाद्या प्रोग्रॅमने ती अदृश्य खूण कचरा समजून काढली, की ‘किनार्यावर’ असे तिसरेच रूप तयार होते. वेबवर ते पावलोपावली भेटते. दऱ्या, खाऱ्या, तिसऱ्या, सगळ्यांची हीच गत. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला जुना मराठी मजकूर तर यंत्राला निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी दिसतो, आणि चित्र म्हणून स्कॅन केलेला सरकारी कागद काहीच दिसत नाही. देवनागरी सोडून रोमन अक्षरांत मराठी टंकणारे आहेत ते वेगळेच. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने झालेल्या ‘संधान’ या प्रकल्पाने मराठीसह काही भारतीय भाषांत पर्यटनविषयक शोधयंत्र उभे केले होते. त्याचा मोठा भाग याच खाचखळग्यांशी झटण्यात गेला तर नवल नाही.

अर्थाचा शोध : २०१३ मध्ये गूगलमधील टोमाश मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांनी ‘वर्ड टू व्हेक’ प्रसिद्ध केले. शब्दाला आकड्यांच्या लांबलचक ओळीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, बसवायचे. ज्या शब्दांचा शेजार सारखा, त्यांच्या ओळी जवळजवळ. पण इथे ‘मोरी’ला एकच ओळ मिळे, म्हणजे मासा आणि न्हाणी यांची सरासरी. ती अडचण वाक्यातले सगळे शब्द एकमेकांच्या संदर्भात पाहणाऱ्या, २०१७च्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेने आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या २०१८च्या ‘बर्ट’ने दूर केली. बर्टमध्ये शब्दाचे आकडे वाक्यागणिक बदलतात. ‘तिसऱ्या दिवशी’ मधला ‘तिसऱ्या’ आणि ‘तिसऱ्यांचं सुकं’ मधल्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आता वेगळ्या जागी पडतात. ‘मोरी साफ करून वाटप लावावे’ असे कोणी लिहिले, तर ‘वाटप’, म्हणजे वाटलेला मसाला, या एका शब्दाने मोरी माशांच्या टोपलीत जाते. गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजी शोधात आणि त्याच वर्षअखेर सत्तरहून अधिक भाषांत बर्ट वापरायला घेतले. भारतीय भाषांसाठी, रोमन लिपीतला मजकूरही धरून शिकवलेले ‘म्युरिल’ त्यानंतर आले. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाचे ‘महाबर्ट’ खास मराठीसाठी.

२०२०पासून मग प्रश्नाचा एक व्हेक्टर, परिच्छेदाचा एक व्हेक्टर, आणि दोहोंतले अंतर मोजून शोध, अशी पद्धत रुळली. कोट्यवधी व्हेक्टरांतून जवळचे चटकन सापडावेत म्हणून ते जाळ्यासारखे एकमेकांना बांधून ठेवतात आणि उडी मारत मारत जवळच्याकडे सरकतात. इथे नव्याचे कौतुक करणाऱ्यांचा थोडा हिरमोड झाला. २०२१ मध्ये ‘बीअर’ या नावाने वेगवेगळ्या विषयांवरची एकत्रित चाचणी घेतली गेली. त्यात न शिकवलेल्या विषयात गेल्यावर अनेक व्हेक्टर-पद्धती जुन्या बीएम२५पुढे फिक्या पडल्या. व्हेक्टर भावार्थ धरतो, पण विशेषनाम निसटते. राजापूर तालुक्यातली कनकादित्याची कशेळी आणि भिवंडीजवळची कशेळी त्याला एकच वाटू शकते. एखाद्या वाडीचे नाव तर तो कधी भेटलेलाच नसतो. म्हणून आजची बहुतेक यंत्रे दोन्ही चालवतात. आधी उलटी सूची आणि व्हेक्टर मिळून शे-दोनशे पाने गोळा करतात, मग एक मोठे मॉडेल ती नीट वाचून क्रम लावते.

ताजेपणाचा प्रश्न याहून वेगळा. गूगलने २०१० मध्ये ‘कॅफीन’ नावाने सूची सतत, थोडी थोडी अद्ययावत करायला सुरुवात केली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्याला धडकले. त्याच्यावर इतके लिहिले गेले आहे की पुढे कधी ‘श्रीवर्धन वादळ’ शोधले तर लिंकांच्या जोरावर जुनेच वर यायचे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याबद्दलची पाने दरवर्षी जवळपास त्याच शब्दांत लिहिली जातात, आणि वेगळे असते ते फक्त साल.

उत्तर लिहिणारे यंत्र : पॅट्रिक लुइस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेली ‘रॅग’ पद्धत आजच्या उत्तरयंत्रांच्या मुळाशी आहे. आधी पाने शोधायची, मग ती भाषामॉडेलसमोर, म्हणजे ढीगभर मजकुरावर शिकून स्वतः वाक्ये लिहिणाऱ्या प्रणालीसमोर, ठेवून त्यांच्या आधारे उत्तर लिहून घ्यायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ शोधयंत्राने संवादी शोध आणला, मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत एआय-सारांश सर्वांसाठी खुले केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते भारतात पोहोचले. अमेरिकेत पहिल्याच काही दिवसांत पिझ्झावर चीज टिकावे म्हणून कागद चिकटवायचा डिंक घालण्याचा सल्ला त्याने दिला. कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी केलेली थट्टा यंत्राने पाककृती समजून उचलली होती.

डिंक हसण्यावारी गेला, पण मोजमाप तितके हसण्यासारखे नाही. नेल्सन ल्यू, त्यान्यी झांग आणि पर्सी लियांग या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये चार उत्तरयंत्रे तपासली. उत्तरातल्या वाक्यांपैकी सरासरी ५१.५ टक्क्यांनाच दिलेल्या संदर्भांचा पूर्ण आधार होता. ओघवते वाक्य आणि पक्का आधार यांचा संबंध उलटाच दिसला. वाचायला गोड लागणारी उत्तरे अनेकदा आधाराविना होती. हे प्रयोग इंग्रजी प्रश्नांवरचे. आधाराची पानेच कमी असली, तर मॉडेल रिकामी जागा स्वतःच्या अंदाजाने भरण्याचा धोका वाढतो, आणि कोकणातल्या बारीकसारीक गोष्टींबाबत मराठीत तीच स्थिती आहे, असे नोंदलेखकाला वाटते. उद्या होडी लोटावी का, या प्रश्नाला त्या दिवसाचे पत्रक हाच एक आधार. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, आणि समुद्राचे तापमान व हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे तेही प्रादेशिक भाषांतून कळवते. तीन पानांची सरासरी काढून लिहिलेला गुळगुळीत परिच्छेद इथे कुचकामी.

उत्तर वरच मिळाले की खालच्या लिंकवर कोण जाणार, ही तक्रार आता जगभर आहे. तारकर्लीत किंवा गुहागरात घरगुती खोल्या देणाऱ्याने ‘कसे यावे, काय पाहावे’ असे पान हौसेने लिहिलेले असते. त्यातली माहिती सारांशात जाते, पाहुणा मात्र त्या पानावर येतोच असे नाही. सूचीसाठी वेबभर पाने वाचत फिरणाऱ्या क्रॉलर प्रोग्रॅमला ‘इथे येऊ नकोस’ सांगणारी ‘रोबोट्स’ फाइल १९९४पासून आहे. पण ती कुंपणावरची पाटी, कुलूप नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने गूगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा ठरवली. युरोपात २०२२ मध्ये खुली वेबसूची तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला.

आवाज आणि चित्र : मालवणीत ‘खंय आसा’ म्हणजे ‘कुठे आहे’. प्रमाण मराठीवर शिकलेल्या आवाज-ओळखीला हे नीट कळायचे तर तिला तसे बोलणारी माणसे ऐकवावी लागतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘वाणी’ प्रकल्प जिल्हावार बोलीचे नमुने गोळा करतो, आणि केंद्र सरकारचा भारतीय भाषांसाठीचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२पासून चालू आहे. चित्रांच्या बाजूने २०२१चे ‘क्लिप’ हे मॉडेल महत्त्वाचे. चाळीस कोटी चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर एकत्र शिकवून त्याने चित्र आणि वाक्य एकाच आकड्यांच्या नकाशावर आणले. त्यामुळे हर्णैच्या बंदरावर टोपलीतल्या माशाचा फोटो काढून ‘हे काय’ विचारता येते. यंत्र शार्क म्हणून ओळखेल, कदाचित जातही सांगेल. पण त्याच्या कालवणाची मराठी कृती ‘मोरी’ किंवा ‘मुशी’ या शब्दाखाली लिहिलेली असते. तो शब्द फोटोत नसतो, टोपलीमागे बसलेल्या बाईला माहीत असतो.