वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आणि आपली दुचाकी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

पंपावर आता इथेनॉल (ऊस, मका अशांपासून काढलेले अल्कोहोल) मिसळलेलेच पेट्रोल मिळते. त्याने आपल्या गाडीचे नेमके काय होते, हा प्रश्न कोथरूडमधील आमच्या वर्कशॉपमध्ये रोज विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी उत्तर आधीच ठरवलेले असते, कारण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण इंजिन सडल्याचे सांगतो आणि दुसरा काहीच होत नाही म्हणून छाती ठोकतो. आमच्या मते दोघेही घाई करतात. उत्तर आपल्या गाडीच्या उत्पादनाच्या वर्षावर, तिच्यात कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा यांत्रिक भाग) आहे की फ्युएल इंजेक्शन (संगणकाच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) यावर, आणि टाकीत पाणी जाते की नाही यावर अवलंबून आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी, की हे मिश्रण आपल्याकडे अचानक आलेले नाही. २००१ मध्ये जे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतील दोन ठिकाणे, मिरज आणि मनमाड, महाराष्ट्रातीलच होती. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांची सरासरी गाठली. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे, म्हणजे ई-२० पेट्रोल काही पंपांवर आले, आणि २०३० साठी ठरवलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. म्हणजे आपली दहा वर्षांची स्कूटरही इथेनॉल आधीपासूनच पीत आली आहे. बदलले आहे ते प्रमाण.

ॲव्हरेज किती कमी होते?

कमी होते, हे आम्ही स्पष्ट सांगतो. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. त्यामुळे ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. मात्र आपण २०२२ पासून दहा टक्क्यांचे पेट्रोल वापरत होतो, आणि त्याच्याशी तुलना केली तर घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. लिटरला ४५ किलोमीटर देणारी गाडी केवळ या कारणाने साडेत्रेचाळीसच्या जवळ येईल. ती पस्तीसवर आली असेल, तर दोष इथेनॉलच्या माथी मारून मोकळे होऊ नये; ब्रेक घासतो आहे का, एअर फिल्टर तुंबला आहे का, टायरमध्ये हवा कमी आहे का, हे आधी पाहावे. सुरुवातीला आम्हीही प्रत्येक तक्रार इथेनॉलच्या खात्यावर टाकत होतो आणि नंतर प्लग किंवा क्लच प्लेट बदलल्यावर गाडी सुरळीत झाल्याचे पाहून ओशाळलो होतो.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनमधील दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता, जास्त असतो. साध्या पेट्रोलचा ९१, तर ई-२० चा ९५ धरला जातो. हा गुण खरा आहे, पण त्याचा लाभ त्या इंधनासाठी जुळवलेल्या इंजिनालाच पुरेपूर मिळतो. जुन्या गाडीला त्याने वेगळी ताकद येत नाही.

कार्ब्युरेटरची गाडी

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला मात्र नऊ पटच पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक मानकाच्या) दुचाकींमध्ये जवळजवळ सर्वत्र इंजेक्शन आहे. तिथे सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, त्यानुसार पेट्रोल वाढवून हा फरक बऱ्याच अंशी भरून काढतो. कार्ब्युरेटरला अशी अक्कल नसते. त्याच्या जेटचे छिद्र ठरलेले असल्यामुळे मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि गाडी थंड असताना मिस मारते, ॲक्सिलरेटर दिल्यावर जर्क देते किंवा सिग्नलला बंद पडते. त्यात इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या सकाळी चोक थोडा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. बहुतेक वेळा कार्ब्युरेटरची सफाई आणि एअर स्क्रूची जुळणी एवढ्यावर काम भागते. सर्रास मोठे जेट बसवणे आम्हाला पटत नाही. प्लगच्या रंगावरून मिश्रण लीन आहे का ते कळते; तो पाहिल्याशिवाय आम्ही ते करत नाही.

रबरी भागांची काळजी मात्र रास्त आहे. जुन्या गाड्यांतील पेट्रोल पाइप, ओ-रिंग आणि कॉकमधील (पेट्रोलच्या तोटीतील) वॉशर ज्या रबराचे असतात, त्यातील काही प्रकार इथेनॉलने फुगतात आणि कालांतराने मऊ पडतात किंवा चिरतात. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकतील असे बनवले जाऊ लागले. त्याआधीच्या गाड्यांबाबत पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले, की वीस ते तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती टक्क्यांपर्यंतचे मिश्रण चालते ते छापलेले असते. मॅन्युअल हरवले असेल तर आमच्याकडे विचारावे.

पावसाळा आणि टाकीतील पाणी

आमच्या अनुभवात खरा त्रास इथे आहे. साध्या पेट्रोलमध्ये गेलेले पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि कॉकमधून काढून टाकता येते. इथेनॉल पाणी स्वतःत सामावून घेते, त्यामुळे थोडे पाणी असेतोवर काहीच जाणवत नाही. पण पाणी मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते आणि टाकीत दोन थर होतात. इंजिनला पुरवठा तळातूनच होत असल्याने पहिली पाळी त्या पाणीदार थराची येते. गाडी सुरू होत नाही, झालीच तर शंभर पावलांवर बंद पडते, आणि तो थर आत राहिला तर टाकीला गंज चढतो. एकदा असे झाले, की वरून नवे पेट्रोल ओतून उपयोग नाही. टाकी रिकामी करून पुसून घ्यावी लागते.

म्हणून जून ते सप्टेंबर टाकीच्या झाकणाचे रबर शाबूत आहे ना, झाकणाभोवतीचे पाणी वाहून नेणारी बारीक नळी चिखलाने बुजली नाही ना, हे पाहावे आणि उघड्यावर लावलेल्या गाडीवर कव्हर टाकावे. मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यामुळे महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या वाटीतील जुने पेट्रोल काढून टाकावे. टाकीत टाकायच्या 'इथेनॉल-रक्षक' बाटल्या आम्ही विकत नाही. दोन थर झालेले पेट्रोल त्यांनी पूर्ववत होत नाही आणि फुगलेले रबरही सुधारत नाही.

इथेनॉल येते कोठून, असेही काही जण विचारतात. उसाचा रस, मळी, खराब झालेले धान्य आणि अलीकडे मोठ्या प्रमाणात मका, हे त्याचे स्रोत आहेत. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना पानिपतला २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्यातील प्राज कंपनीचे आहे. अन्नधान्य आणि पाणी यांवरचा भार पाहता आम्हाला ही वाट अधिक बरी वाटते. आपण सकाळी जिथे फिरायला जाता, त्या वेताळ टेकडीवरील १९६६ पासूनच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेतही ई-२० च्या चाचण्या झाल्या आहेत. हायड्रोजनवर चालणारी बस पुण्यात २०२२ मध्ये दाखवली गेली आणि सीएनजीवरची मोटारसायकल बजाजने २०२४ मध्ये बाजारात आणली. तरी आपल्या पार्किंगमधील दुचाकी पुढची काही वर्षे पेट्रोलवरच चालणार असे दिसते.

तपासणीसाठी गाडी आणताना टाकी भरून आणू नये. कॉक व पाइप उतरवताना तेवढे पेट्रोल काढून ठेवावे लागते. गाडी थंड असतानाची तक्रार असेल तर ती आदल्या रात्री आमच्याकडे लावून जावी, म्हणजे सकाळी पहिल्यांदा सुरू करताना काय होते ते आम्हाला स्वतः पाहता येईल.