टेन्शन उतरवणारा गांजा टेन्शन वाढवतो कसा?

‘गांजाने टेन्शन उतरतं’ हे नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यांवर पूर्वीही ऐकू यायचंच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कट्टे ओस पडले, परीक्षा लांबत गेल्या. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरुणांना झळ जास्त. अशा वेळी एकट्याने खोलीत ओढणाऱ्याला बरं वाटतं, हे खोटं नाही. पण का वाटतं?

चेतापेशी पुढच्या पेशीला निरोप देते, एवढं शाळेत शिकलेलं असतं. मेंदूत उलटा निरोपही जातो. गोदावरीचं पाणी नाशकातल्या, पूर मोजायची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं आणि तिथून कुणी वरच्या गंगापूर धरणावर फोन केला, ‘विसर्ग कमी करा’, तसं. पेशीला उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट या निरोप्या रसायनाचा मारा जास्त झाला की ऐकणारी पेशी आनंदामाइडसारखं रसायन बनवते. ते मागे जाऊन पाठवणाऱ्या पेशीवरच्या सीबी-१ या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, निरोप सोडायला लागणाऱ्या कॅल्शियमची दारं मिटतात, मारा ओसरतो. आनंदामाइड गरजेपुरतं, गरजेच्याच जागी बनतं आणि एक विकर (एन्झाइम) त्याचा लगेच निकाल लावतं.

गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, १९६४ मध्ये मेशुलाम आणि गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. आनंदामाइड मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलं. टीएचसी त्याच ग्राहीवर बसतं, पण पूर असो-नसो, सगळ्याच धरणांना तासन्‌तास फोन लावत राहतं. भीतीचं केंद्र असलेला अमिग्डाला शांत होतो, आणि आठवण साठवणारा हिप्पोकॅम्पसही. अभ्यास डोक्यात राहत नाही तो यामुळे. डोस वाढला की हाच परिणाम उलटून धडधड आणि घबराट होते.

रोज ओढलं की पेशी ग्राही आत ओढून घेतात. मग खरा पूर आला तरी आनंदामाइडचा फोन उचलायला कुणी नसतं. सोडल्यावर दोन-तीन दिवसांत चिडचिड, निद्रानाश आणि अस्वस्थता उफाळते. ‘बघ, गांजाशिवाय मला टेन्शन येतं’ असं पोरगा म्हणतो ते यालाच. अर्थात, मुळात चिंतेत असलेलेही गांजाकडे वळतात. त्यामुळे दोष सरसकट एकाच बाजूला टाकता येत नाही.

सिंहस्थात साधू चिलीम ओढतात, वनस्पतीच तर आहे, हा युक्तिवाद नाशकात हमखास निघतो. धोतराही महादेवालाच वाहतात. त्याच्या विषारी बिया कुणी खाऊन बघत नाही.

पूर्ण थांबल्यास सुमारे चार आठवड्यांत ग्राहींची संख्या बऱ्याच अंशी पूर्ववत होते. पहिला आठवडा सर्वांत अवघड. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर मात्र टीएचसीचा धोका इतरांपेक्षा जास्त. भास, संशय किंवा जीव द्यायचे विचार येत असतील तर चार आठवडे वाट बघू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.