काउंट बेसी ऑर्केस्ट्रा

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९३५ मध्ये उभा राहिलेला, जाझ संगीतातील स्विंग या नाचाच्या शैलीच्या युगातील अग्रगण्य बिग बँड, म्हणजे मोठा वाद्यवृंद. पियानोवादक विल्यम ‘काउंट’ बेसी (१९०४–१९८४) हा त्याचा प्रमुख.

बेसी मूळचा न्यू जर्सीतील रेड बँकचा. फिरत्या मनोरंजन कंपनीबरोबर आलेला हा तरुण कॅन्सस सिटीतच राहिला आणि बेनी मोटनच्या बँडमध्ये वाजवू लागला. १९३५ मध्ये मोटन वारला. त्याच्या काही वादकांना घेऊन बेसीने रेनो क्लबमध्ये नऊ जणांचा संच बांधला. क्लबमधून होणारे रेडिओ प्रक्षेपण तबकड्यांचा निर्माता जॉन हॅमंड याने शिकागोत आपल्या मोटारीत ऐकले आणि १९३६ अखेर बँड न्यूयॉर्कला पोहोचला. तोवर डेक्का कंपनीने बेसीची सही घेतली होती: तबकड्यांच्या २४ बाजूंचे ७५० डॉलर, रॉयल्टी काहीच नाही. कराराची ही अट उघडउघड अन्यायाची होती. पुढे गाजलेल्या तबकड्यांचा वाटा वादकांना मिळालाच नाही.

या बँडचे खरे वैभव त्याच्या तालविभागात होते. वॉल्टर पेज (बास), जो जोन्स (ड्रम), फ्रेडी ग्रीन (गिटार) आणि स्वतः बेसी अशी ही चौकडी १९३७ मध्ये जुळली. तोवर ड्रमवादक मोठ्या ढोलावर मात्रा ठोकत. जोन्सने ते काम मुख्यतः पायाने चालणाऱ्या जोडझांजेकडे, हाय-हॅटकडे सोपवले. पेजचा बास चारही मात्रांवर सारखा चालत राही. ग्रीन विजेविना गिटारवर दर मात्रेला एक छोटा, मिटलेला आघात देई. तो वेगळा ऐकू येत नाही, पण काढून घेतला तर सगळा बँड जड होईल. ताल इतका भरवशाचा झाल्यावर बेसीने डाव्या हाताची जुनी धावपळ सोडली. दोन-तीन स्वर, मग शांतता, मग एक टिचकी. कमी वाजवून वीस-पंचवीस मिनिटे नव्हे, अख्खी रात्र लोकांना नाचवता येते हे त्याने दाखवले.

बऱ्याच रचना कागदावर नसत, तालमीतच जुळत. एक विभाग छोटा स्वरसमूह, म्हणजे रिफ, पकडे. दुसरा त्याला उत्तर देई. तबल्याच्या एकल वादनाखाली लहरा चालावा तसा रिफ एकलवादकाखाली फिरत राही. ७ जुलै १९३७ रोजी मुद्रित झालेल्या ‘वन ओ’क्लॉक जंप’मध्ये हे स्वच्छ ऐकू येते. ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी गीतप्रकाराच्या बारा मापांच्या साच्यावर बेसी सुरुवात करतो. मग पट्टी बदलून हर्शल एव्हन्सचा भरदार टेनर सॅक्सोफोन येतो, ट्रॉम्बोननंतर लेस्टर यंगचा त्याच वाद्यावरचा हलका, सरळ स्वर. एकाच वाद्याचे दोन स्वभाव शेजारी ठेवण्यात बेसीची नेता म्हणून सगळी दृष्टी दिसते.

बक क्लेटन व हॅरी एडिसन (ट्रम्पेट), डिकी वेल्स (ट्रॉम्बोन) आणि गायक जिमी रशिंग हे इतर आधारस्तंभ. गायिका बिली हॉलिडे काही काळ या बँडबरोबर गात असे. क्लेटनने त्याआधी शांघायमध्ये बँड चालवला होता. तिथे त्याला नेणारा पियानोवादक टेडी वेदरफोर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही वाजवत असे.

एव्हन्स १९३९ मध्ये वारला, पुढच्या वर्षी यंग बाहेर पडला. खर्च झेपेना म्हणून १९५० मध्ये बँड मोडला. १९५२ मध्ये बेसीने तो नव्याने बांधला. हा दुसरा बँड नील हेफ्तीसारख्या संयोजकांनी लिहिलेल्या रचनांवर चालला. त्याची शिस्त वादातीत आहे, पण पहिल्या बँडची उत्स्फूर्तता त्यात तितकी नाही. ग्रीन मात्र दोन्हींमध्ये होता आणि बेसीच्या पश्चातही, १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याच जागेवर वाजवत राहिला.