नाटकातली पहिली स्त्री १९३३ ची नव्हे

मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्रीने प्रथम केली ती ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात, १ जुलै १९३३ रोजी, असे आजही सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. त्याच्या कितीतरी आधी बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या केवळ स्त्रियांच्या मंडळ्या गावोगावी खेळ करीत होत्या, आणि तिथे धीरोदात्त नायकही बाईच मिशा लावून उभा करी. गायिका हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये भावंडांसह नूतन संगीत नाटक मंडळी काढली. त्यांच्या खेळांत स्त्रिया आणि पुरुष एकत्र काम करीत.

मग १९३३ चे नवेपण कोणते? ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक या संसारी, सुशिक्षित वर्तुळातल्या स्त्रिया पुरुषांसोबत वास्तववादी नाटकात उभ्या राहिल्या, रंगवलेल्या पडद्यांऐवजी दिवाणखान्याचा बंदिस्त देखावा आला आणि पदे मोजकीच राहिली. हे पाऊल मोठेच होते. परंतु त्याला ‘पहिले’ म्हणताना आधीच्या कलावंतिणी यादीतून गळतात, आणि त्या बहुतांशी प्रतिष्ठित मानल्या न गेलेल्या घरांतल्या होत्या, हे मला फार खटकते.