कारचं ऑइल बाईकमध्ये? ग्रेड सेम असला तरी थांबा

"ऑइल ते ऑइल, ग्रेड सेम आहे ना, मग कारचं उरलेलं बाईकमध्ये ओता" हे गॅरेजवाल्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच सांगतात. पण १०डब्ल्यू-३० हा ग्रेडचा आकडा ऑइल थंडीत आणि गरम झाल्यावर किती पातळ राहणार एवढंच सांगतो, आत काय मिसळलंय ते नाही.

गिअरच्या बाईकमध्ये बहुतेक वेळा इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघं एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात, मॅन्युअल कारचा क्लच मात्र बाहेर कोरडा, म्हणून कारच्या पातळ ऑइलात ॲव्हरेजसाठी घर्षण कमी करणारी ॲडिटिव्ह बिनधास्त टाकतात आणि तीच बाईकच्या क्लच प्लेटवर बसली की क्लच स्लिप व्हायला लागतो, म्हणजे चढावर रेस वाढते, इंजिन बोंबलतं पण गाडी काय उचलत नाही. लगेच होईलच असं नाही, म्हणून तर "आमचं चाललं की" म्हणणारे भेटतात.

डब्याच्या मागे बघा. जासो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ असेल तर गिअरच्या बाईकला, एमबी असेल तर बिनगिअरच्या स्कूटरला, तिचा क्लच कोरडाच असतो. आणि महागडं फुल सिंथेटिक आहे म्हणून बाईकला चालेलच असंही नाही हां, त्यावरही हेच बघायचं, आणि ग्रेड गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलाय तोच घ्यायचा.