एक शोधसूत्र, दोन उत्तरे: शब्दकोड्यामागचा इतिहास

‘निवडणुकीत एकाच्या गळ्यात, दुसऱ्याच्या पदरी.’ दोन चौकोन. उत्तर: हार.

या शोधसूत्रात क्रियापद मुद्दामच ठेवलेले नाही. गळ्यात हार पडतो, पदरी हार येते. क्रियापद आले की लिंग कळते आणि दोनपैकी एक अर्थ तिथेच बाद होतो. तो मान आणि ती मान, तो माळ आणि ती माळ, तो वेळ आणि ती वेळ: मराठीत कोडे रचणाऱ्याला असे शब्द फार जपून हाताळावे लागतात.

अनेकार्थी शब्दांची आपली हौस कोड्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ नावाचा अख्खा वर्ग याच शब्दांसाठी आहे. त्यात ‘हरि’ शब्दाचे अर्थ एका श्लोकात बसवले आहेत: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक. शिवाय पिंगट रंग वेगळाच. पाठांतर करणारा विद्यार्थी हे सगळे अर्थ एका दमात म्हणायचा. त्यातला कुठला घ्यायचा, हे पुढे काव्यातला संदर्भ ठरवायचा.

चौकोनांचे कोडे मात्र अमेरिकेतून आले. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने शंकरपाळ्याच्या आकाराचे कोडे छापले. त्यातली शोधसूत्रे सरळ होती. ‘रशियातील नदी’ म्हटले की नेवा. सूत्रातच अर्थाची फसगत करायची कला नंतर इंग्लंडात वाढली. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅदर्स अशी कोडी रचू लागले.

आपल्याकडे शब्दांचा हा दुहेरीपणा थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. बक्षिसांची शब्दकोडी तेव्हा जोरात होती. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचे आणि निकालाची वाट पाहायची. ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ ही स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चालायची आणि त्याचा खप मुंबई राज्यातही होता. मुंबई सरकारने लॉटरी व बक्षीस स्पर्धांवरच्या १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून, बाहेरच्या राज्यात छापल्या जाणाऱ्या अशा स्पर्धांनाही परवाना आणि कर लागू केला. हा आमचा व्यापार आहे, त्यावर असे बंधन नको, असे म्हणत आयोजक न्यायालयात गेले.

या प्रकारच्या कोड्यांची खोच समजायला एक मराठी नमुना घेऊ. ‘थंडीत माणूस शोधतो.’ दोन चौकोन, पहिले अक्षर ‘ऊ’. ऊन की ऊब? दोन्ही चपखल. साध्या कोड्यात दुसऱ्या चौकोनातून जाणारा उभा शब्द हा वाद मिटवतो. तो ‘बटवा’ असेल तर ऊब, ‘नथ’ असेल तर ऊन. बक्षिसाच्या कोड्यात मात्र दोन्ही वाटा मोकळ्या ठेवलेल्या असायच्या. मग बरोबर कोण? आयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल तो. ते उत्तर सर्वांत योग्य असेलच, असे नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आयोजकांच्या बाजूने लागला होता. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले देत सांगितले की जुगार हा व्यापार नव्हे. यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल, तरच स्पर्धा या कलंकातून सुटते. दरम्यान संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धांचा कायदा केला होता. महिन्याला एक हजार रुपयांहून जास्त बक्षिसे नकोत, दोन हजारांहून जास्त प्रवेशिका नकोत, असे बंधन त्यात आले. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने हा कायदा ज्यांत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नसते अशा स्पर्धांपुरता वैध ठरवला. माझ्या मते ही वाटणी अगदी न्याय्य होती. ज्याला भाषा येते त्याला ती कामी यावी, एवढीच कोडे सोडवणाऱ्याची अपेक्षा असते.

मराठी कोड्याची आणखी एक अडचण लिपीतून येते. इंग्रजीत चौकोनात सव्वीसपैकी एक अक्षर बसते. आपल्याकडे व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी मिळून एक चौकोन. नुसती बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. ‘ऊन’ला छेदणाऱ्या उभ्या शब्दात ‘न’च हवा, ‘ना’, ‘नी’ चालत नाही. म्हणून आपल्या कोड्यांत शब्द आखूड आणि काळे चौकोन जास्त असतात. एकमेकांना छेदणारी अक्षरेही कमी पडतात. ती कमी पडली की ‘ऊन की ऊब’ हा प्रश्न लटकतो, आणि तिथे रचणाऱ्याने सूत्राचाच एखादा शब्द बदलायला हवा. ‘थंडीत गोधडीत शोधतो’ म्हटले की ऊन आपोआप बाद.